अक्का, श्वास सोडा

लग्न होऊन मी धुळ्याहून यावल तालुक्यातल्या एका खेड्यात आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली एक जुनी सतरंजी होती. सासरच्या बायकांना वाटलं, माहेरहून अंथरूणही घेऊन आली की काय! ती सतरंजी माझ्या वडिलांची होती. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही नानाच म्हणायची.

नाना धुळ्याला एका जिनिंगमध्ये कारकून होते. दिवसभर खुर्चीत वाकून त्यांची कंबर धरली, पुढे डाव्या पायात कळ उतरायला लागली. ती एवढी, की चपलेत पाय घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. गल्लीतल्या एका निवृत्त ड्रिल मास्तरांनी त्यांना त्या सतरंजीवर योगासनं शिकवली आणि सकाळी ओंकार करायला बसवलं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. त्यामुळे नाना जे करतील तेच मी करायची. ते पालथे पडले की मी पालथी पडायची, ते डोळे मिटून बसले की मी एक डोळा उघडा ठेवून बसायची. नाना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "आधी श्वास सोडायला शिक. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं."

सासरी आल्यावर मी पहाटे दार लोटून खोलीत थोडी आसनं करायची. एका सकाळी माझं भुजंगासन चाललं होतं, म्हणजे पालथं पडून छाती वर उचललेली, मान मागे. तेवढ्यात दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. मला तशी बघून त्यांच्या हातातला तांब्या हिंदकळला.

"काय करू राह्यली व माय? पोट दुखते का?"

मी घाईघाईनं उठून पदर सारखा केला. म्हटलं, "नाही आई. व्यायाम करते. कंबरेला बरा असतो."

कंबरेचं नाव काढलं आणि त्या थबकल्या. केळीच्या घडांनी भरलेल्या गाडीवरून उतरताना त्या कधीतरी पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांची कंबर दुखायची. यावलच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी पट्टा दिला. गोळी घेतली की दुखणं दबायचं आणि उतरली की दुप्पट यायचं. अंगानं थोराड, कामाला वाघीण. पण चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावून उठायच्या आणि उठता उठता कुणावर तरी ओरडायच्या. पहिले काही महिने मला वाटायचं, बाई तापट आहेत. नंतर समजलं, तो ओरडा माझ्यासाठी नव्हताच. तो कंबरेतून यायचा.

"मले शिकवशीन का?" त्यांनी हळूच विचारलं. लगेच बाहेर बघून म्हणाल्या, "पन अठी नको. बाप्ये येतात-जातात. म्हातारपनी लोळू राह्यली म्हन्तील."

पुरुषमाणसं येणार नाहीत अशी एकच जागा होती, घराचं धाबं. आमच्याकडे जुन्या घरांना मातीची सपाट धाबी असत. बायका तिथे पापड, मिरच्या, शेवया वाळत घालत. धाब्यावरून उत्तरेला सातपुडा दिसायचा आणि त्याच्या पायथ्यापर्यंत केळीच्या बागा. आमचं धाबं आणि चुलत सासूबाईंचं धाबं एकच होतं. मधे फक्त कमरेइतकी मातीची भिंत. वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी ती घातली होती.

भावाभावांचं नीट होतं. शेतात दोघं एका झाडाखाली भाकरी खायचे. बोलणं बंद होतं ते दोघी जावांचं, आणि तेही कितीतरी वर्षांपासून. कारण मला नवऱ्यानं एकदा सांगितलं. त्याच्या बहिणीच्या लग्नात हळद लावायला या चुलत सासूबाई, म्हणजे काकू, वाटी घेऊन पुढे झाल्या. काकूंना मूलबाळ नव्हतं. पाहुण्यांतली कुणी म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि सासूबाईंनी सगळ्यांदेखत काकूंच्या हातातून वाटी काढून घेतली. काकू एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या नाहीत आणि पुढेही नाहीत. विहिरीवर, देवळात, लग्नात दोघी एकमेकींकडे अशा बघायच्या, जणू समोर खांब आहे.

तर त्या धाब्यावर आमची शाळा सुरू झाली.

सासूबाईंना शिकवणं सोपं नव्हतं. पालथं पडून पाय उचलायला सांगितला तर म्हणायच्या, "माह्या पायात काय भरलं व देवा?" मांजरासारखं चार पायांवर व्हायचं आसन सांगितलं तेव्हा त्यांना एवढं हसू आलं की त्या तशाच आडव्या झाल्या. शवासनाचं नाव ऐकून मात्र रागावल्या. "सवाष्न बाईनं मुडद्यासारखं झोपावं? कोनं सांगितलं तुले?" मी ते नाव पुन्हा काढलं नाही. म्हटलं, "आई, नुसत्या पडून राहा." नुसत्या पडून राहिल्या की त्या लगेच घोरायच्या. कितीतरी वर्षांत नीट झोप न लागलेली बाई. मी त्यांना उठवायची नाही. ऊन तोंडावर आलं की आपोआप उठायच्या.

ओंकाराचा प्रश्न आला. त्या म्हणाल्या, "बायांनी ओम म्हनू नये, म्हन्तात."

मी नानांना विचारलं. धुळ्याला गेले होते तेव्हा. नाना म्हणाले, "तिच्या तोंडात जे बसतं ते म्हणू दे. लांबवर म्हणायचं, छातीत घुमलं पाहिजे."

सासूबाईंच्या तोंडात राम बसलेला होता. मग त्या 'रा' ओढून 'म' वर यायच्या आणि तो म नाकात, छातीत घुमवत ठेवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी छातीवर हात ठेवून मला सांगितलं, "अठी भोवरा फिरू राह्यला." दुसरं काही सांगायला शब्द नसले की माणूस खरं सांगतो.

काकू सकाळी त्यांच्या बाजूला यायच्या, मिरच्या उलथापालथ करायला नाहीतर नुसत्याच. मी बघायची, त्यांचे हात मिरच्यांवर असायचे आणि लक्ष आमच्याकडे. बारीक अंगाच्या, गोऱ्या, फार कमी बोलणाऱ्या. एका सकाळी भिंतीपलीकडे मला त्यांचे दोन्ही हात वर गेलेले दिसले. मी सासूबाईंना हात वर करायला सांगितले होते. मी म्हटलं, "आता हळूहळू खाली." पलीकडचे हातही हळूहळू खाली गेले.

दुसऱ्या दिवसापासून जरा मोठ्यानं सांगायला लागले. "पाय जवळ. श्वास घ्या. आता सावकाश सोडा." सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं कोनाले सांगू राह्यली? मी काय बहिरी आहे?"

मी म्हटलं, "वारा आहे आई, ऐकू जात नाही."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. पण त्यांना कळलं होतं, कारण त्या दिवशी त्यांनी पाय नेहमीपेक्षा बराच वर उचलला.

मग आवाज सुरू झाला. इकडून सासूबाईंचा राम जायचा आणि तो संपत आला की पलीकडून बारीक, स्वच्छ आवाजात ओम यायचा. काकूंनी बायांनी म्हणावं की म्हणू नये याचा विचारच केला नव्हता. दोघींची चढाओढ लागली. पलीकडचा ओम लांबला की इकडचा राम त्याहून लांबवायचा. एके दिवशी सासूबाईंनी एवढा ताणला की त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले, आणि जोराचा ठसका लागला. खोकता खोकता त्यांना थांबता येईना. मी पाठ चोळत होते. तेवढ्यात भिंतीवरून एक तांब्या पुढे आला.

काकू पलीकडे खाली बसलेल्या होत्या, तांब्या धरलेला हात दिसत होता, चेहरा नाही. सासूबाईंनी तो घेतला, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "दे तिले," म्हणाल्या. मी भिंतीवर तांब्या ठेवला. बोलणं तेवढंच. पण खाली उतरताना सासूबाई पायरीवर थांबून मला म्हणाल्या, "तिचा आवाज चांगला आहे. पहिल्यापासूनच होता. जात्यावर गायची."

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. उन्हाळ्यात आम्ही सूर्य वर यायच्या आत उरकून घ्यायचो, नाहीतर धाबं तव्यासारखं तापायचं. सासूबाईंची कंबर पूर्ण बरी झाली नाही. पण चुलीपुढून उठताना त्या भिंतीऐवजी माझ्या खांद्याला हात लावायला लागल्या आणि ओरडणं कमी झालं. यावलच्या डॉक्टरांनी विचारलं, "आता कसं आहे?" त्या म्हणाल्या, "दुखते. पन पहिले अंगावर बसायचं, आता शेजारी बसते."

पुढच्या थंडीत एका सकाळी पलीकडून आवाज आला नाही. सासूबाईंनी एक राम म्हटला, थांबल्या. दुसरा म्हटला, पुन्हा थांबल्या. मी म्हटलं, "म्हणा ना आई." त्या म्हणाल्या, "आज जमत नाही." दुसऱ्या दिवशीही पलीकडे कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या धाब्यावर बसल्याच नाहीत. जिना उतरून तशाच दाराबाहेर पडल्या आणि गल्लीतून वळसा घालून काकूंच्या दाराशी गेल्या. मी मागोमाग. उंबऱ्याशी एक क्षण त्यांचा पाय अडला. मग त्यांनी तो आत टाकला.

काकू खाटेवर एका कुशीवर पडल्या होत्या. उजव्या बरगडीखाली, पाठीपासून पोटापर्यंत लाल फोडांचा पट्टा उठला होता. नागीण झाली होती. काका कोपऱ्यात हात बांधून उभे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं तर माणूस वाचत नाही. पलीकडच्या गावातला एक माणूस गेरूनं रेघा ओढून उतरवतो म्हणे, त्याला आणायचं का, ते मला विचारत होते.

"पहिले डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "गाडी जुंपा."

मला त्यांचा तो आवाज अजून आठवतो. त्या दिरासमोर कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, घाबरायचं कारण नाही म्हणाले. फोड वाळले, खपल्या धरल्या. पण आतली आग गेली नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने दुखतं. काकूंना अंगाला कापड सहन होईना. पातळाचा काठ लागला तरी त्या दचकायच्या. सासूबाईंनी बागेतून केळीचं कोवळं, अजून गुंडाळीत असलेलं पान मागवलं, ते उलगडून खाटेवर अंथरलं आणि काकूंना त्यावर निजवलं. पान थंड आणि मऊ, त्याचं काही खुपत नाही. दुपारपर्यंत ते कोमेजायचं, मग दुसरं.

दुखायला लागलं की काकू श्वास धरून ठेवायच्या. ओठ मिटून, मुठी वळून. आवाज करायचा नाही, ही त्यांची सवय होती. मी म्हटलं, "काकू, धरू नका. सोडा. सोडताना ओम म्हणा, कसाही म्हणा." त्यांनी तोंड उघडलं आणि ओम न निघता नुसता हुंदका निघाला.

तेव्हा सासूबाई खाटेशेजारी खाली बसल्या. कंबर दुखत असताना, मांडी घालून. आणि त्यांनी राम म्हणायला सुरुवात केली, फार हळू, चढाओढ नसलेला. काकूंचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या की तिसऱ्या रामाला काकूंचा आवाज त्यात येऊन मिसळला. चिरका, तुटलेला, पण आला. इकडे राम, तिकडे ओम, आणि शेवटी दोघींचाही तो म. मला वाटतं, त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजलं की नाना मला काय शिकवत होते. तोवर मी फक्त आसनं करत होते.

आग गेली नाही. पण काकूंच्या मुठी उघडल्या.

मग हे रोज चाललं. सासूबाई सकाळचं काम आटोपून जायच्या, दुपारी पुन्हा. मी काकूंना सांगायची, दुखतं तिथे लक्ष नेऊ नका, पायाच्या तळव्यांकडे न्या, तळवे कोमट आहेत का बघा. काकू म्हणायच्या, "कोमट आहेत." मी म्हणायची, "आता हाताचे." असं करत करत दुखण्याची लाट यायची आणि निघून जायची. काही दिवशी यातलं काहीच चालायचं नाही. तेव्हा सासूबाई त्यांना जुन्या गोष्टी सांगत बसायच्या, कोणाच्या लग्नात कोण घोड्यावरून पडलं, असल्या.

एका दुपारी गोष्ट सांगता सांगता त्या गप्प झाल्या. मी चुलीवर चहा ठेवला होता. मला पाठमोरीच ऐकू आलं, "त्या दिवशी मी वाटी ओढाले नको होती."



"लोकं बोलले म्हनून नाही ओढली," सासूबाई म्हणाल्या. "मलेच भ्याव वाटलं. पोरीचं काही वाईट झालं तर, म्हनून. तुह्या तोंडाकडे पाहिलंच नाही मी. घरी आल्यावर आठवलं तुहं तोंड. मंग यायले पाहिजे होतं. नाही आली." आणि त्यांनी श्वास धरून ठेवला.

काकूंनी केळीच्या पानावरून हात काढून त्यांच्या मनगटावर ठेवला. म्हणाल्या, "अक्का, श्वास सोडा. पोरगी काय शिकवते? धरून ठेवू नका."

मी चहा ओतला नाही. तो उकळून अर्धा झाला.

होळीच्या सुमाराला काकूंना पुन्हा चोळी घालता आली. दुखणं पुढेही कितीतरी दिवस अधूनमधून यायचं, आभाळ आलं की जास्त. पण त्या धाब्यावर यायला लागल्या आणि आता भिंतीच्या इकडच्या बाजूला. गल्लीतल्या आणखी दोघी-चौघी यायला लागल्या. कोणाचे गुडघे, कोणाचा दमा, कोणाचं नुसतंच मन लागत नाही. सासूबाई नव्या बायकांना शिकवायच्या आणि शवासनाला त्यांनी स्वतःच नाव दिलं, 'पडीक'. "आता पडीक करा गं." शेत पडीक ठेवलं की त्याला ताकद येते, असं त्यांचं म्हणणं.

त्याच्या पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी आई नव्हती. नाना म्हणाले, "तुझ्या दोन-दोन आया तिकडे आहेत, मी एकटा म्हातारा इथे काय करणार?" म्हणून मी सासरीच राहिले.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. तालुक्याच्या दवाखान्यात मला नेलं. दोघी जणी माझ्यासोबत. नर्सनं सांगितलं, एकीनंच आत थांबा. काकू लगेच मागे सरकल्या, दाराला टेकल्या, "अक्का, तुम्ही जा. मी अठीच बरी." सासूबाईंनी नर्सकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, मी आत राहीन, पन श्वास हिलेच येतो सांगता. दोघी पाहिजे." नर्सनं कपाळाला हात लावला आणि दोघींनाही आत घेतलं.

आणि तिथे काय झालं, तर मी सगळं विसरले. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेली मी, पहिल्या मोठ्या कळेला दात आवळून श्वास धरून बसले. खाटेच्या लोखंडी दांडीला घट्ट धरून.

"सोड," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "सोड पोरी. ओ..म."

"राम म्हन, राम," दुसऱ्या कानाशी सासूबाई. "सुटकेले राम बरा."

"अक्का, तिले ओमची सवय आहे."

"असू दे. बाळंतपनात राम चालतो. मी चार वेळा केलं."

"तुम्ही तेव्हा राम म्हटला का? सगळ्या गल्लीले ऐकू गेलं काय म्हटलं ते."

कळ चालू होती आणि मला हसू फुटलं. हसल्यामुळे श्वास सुटला. तो सुटला तसा मी आवाज केला. तो ओम होता की राम, मला आजही सांगता येणार नाही. दोघींनी माझ्यासोबत आवाज लावला. बाजूच्या खाटेवरची बाई घाबरून नर्सला विचारत होती, "काय झालं हिला?" नर्स म्हणाली, "काही नाही. यांच्या घरी असंच करतात."

दुपारी मुलगी झाली. नर्सनं पुसून, गुंडाळून आणली. सासूबाई तिचं नाक बघून म्हणाल्या की आपल्या घराण्याचं आहे. काकूंनी तिच्या छातीशी कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती इवलीशी छाती केवढ्या जोरात वरखाली होत होती.

"हिले कोनी शिकवलं नाही," काकू म्हणाल्या, "तरी कसा सोडते पाहा."

सासूबाई म्हणाल्या, "तू आता तिच्यापाशी बस. मी घरी जाऊन हिच्यासाठी बाजरीची पेज आणते. आनि हे पाहा, जास्त हलवू नको तिले."

"मले समजते, अक्का."

"समजते तर बस."

काकू बसल्या. मी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ नुसती पडून राहिले.